सोबतीची सनद

मालवणच्या धुरीवाड्यातील आमच्या पडवीत दोन वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठात एक वेताची करंडी उघडली गेली, आणि तीतून, बेळगावाहून आंबोलीच्या घाटातले धुके व सावंतवाडी-कुडाळची वळणे अखंड आक्रोशात ओलांडून आलेली, अंगाने सायीच्या रंगाची पण तोंड, कान, पाय व शेपूट एवढेच अवयव कोळशात बुडवून काढल्यासारखे दिसणारी एक चार महिन्यांची भाटी बाहेर पडली, तेव्हा शेजारच्या काकी नेमक्या गडग्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हटले, "ह्यां खंयचां मांजार? तोंडाक काजळ फासल्यासारख्यां दिसता." मग किंमत विचारली. मी आकडा बराच खाली आणून सांगितला, तरीही त्यांचा हात कपाळाला गेलाच. "मांजराक पैशे? रापणीर जावा, मागशात तितकी फुकट गावतत."

काकींच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे म्हणण्याचे धाडस मी आजही करणार नाही. दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असता दोराच्या दोन्ही टोकांना माणसे, वर घारी, आणि वाळूच्या कडेला, जणू वाटणीत आपलाही पिढीजात वाटा मुकर्रर आहे अशा निश्चिंतीने बसलेली पाच-सात मांजरे हे दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला मांजर ही विकत आणण्याची वस्तू आहे हे पटवून देणे कठीण. आमच्या प्रांती मांजर आणले जात नाही. ते येते, कणगीमागे विते आणि राहते. परंतु सूक्ष्मपणे पाहू गेल्यास ते घराचे असते, माणसांचे असतेच असे नाही. मुले मुंबई-पुण्यास गेलेली, मी तीस वर्षे महसूल खात्याचे दप्तर सांभाळून निवृत्त झालेलो, आणि आठ खणांच्या घरात दोनच माणसे उरलेली, अशा स्थितीत आमच्या मंडळींनी जेव्हा मांजराची इच्छा प्रकट केली, तेव्हा त्यांची अट एकच होती: ते मांजर माणसाजवळ येऊन बसणारे असावे. दारातले मांजर उन्हात बसते, त्यांना मांडीवर बसणारे हवे होते.

या एका अटीपायी मी मार्जारकुलांच्या चौकशीत जो शिरलो, तो सहा महिने बाहेर आलो नाही. जुन्या सवयीने मी प्रत्येक कुळाची जणू स्वतंत्र नस्तीच तयार केली.

पहिली नस्ती उघडली ती 'बॉम्बे' या कुळाची, कारण मुंबईच्या पुतण्याने तेच नाव सुचविले होते आणि नावावरून मलाही वाटले की हे आपल्याच बाजूचे काहीतरी असावे. वस्तुस्थिती अशी की या मांजराचा मुंबईशी काडीइतकाही संबंध नाही. अमेरिकेतील केंटकी प्रांतात, लुईव्हिल येथे, निकी हॉर्नर नावाच्या बाईंनी १९५८ च्या सुमारास गर्द तपकिरी बर्मीज मांजराचा संकर काळ्या अमेरिकन शॉर्टहेअरशी करण्यास आरंभ केला. हेतू हा की हिंदुस्थानातल्या काळ्या बिबट्याची, तांब्याच्या नाण्यासारख्या डोळ्यांची, हातात मावेल अशी प्रतिकृती निर्माण व्हावी. अनेक वेत फुकट गेल्यावर ती साधली, आणि १९७६ साली तिकडच्या मार्जारसंघाने तिला अजिंक्यपदाच्या स्पर्धांचे दार खुले केले. काळा बिबट्या जिथे नांदतो त्या देशातले एक शहर म्हणून नाव 'बॉम्बे'! वास्तविक काळ्या बिबट्याचे दर्शन ज्याला घ्यावयाचे असेल त्याने मुंबई सोडून आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेस, आंबोली-तिलारीच्या रानांकडे तोंड करावे. त्या पट्ट्यात तो खरोखर आहे. तेव्हा न्यायाने पाहता या कुळाचे नाव 'सावंतवाडी' असावयास हवे होते. पण केंटकीतल्या बाईंना सावंतवाडी ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि सावंतवाडीकरांनी त्याबद्दल अर्ज केल्याचेही दप्तरी नाही.

या कुळाचे गुणवर्णन मात्र मोहात पाडणारे. माणूस ज्या खोलीत जाईल त्या खोलीत जाणारे, पांघरुणाखाली शिरणारे, पाहुण्याला परका न मानणारे. रंगाची मौज अशी की बिबट्याचा काळेपणा आणि मांजराचा काळेपणा हे दोन्ही एकाच नावाच्या जनुकातील बिघाडाने, पण दोन वेगवेगळ्या बिघाडांनी येतात, आणि दोहोंतही तो अप्रकट राहणारा गुण असतो, म्हणजे आई व बाप अशा दोन्ही बाजूंनी वारसा आल्याखेरीज पिल्लू काळे होत नाही. हे वाचून मी पुतण्यास होकार कळविला, आणि त्याने एका विक्रेत्याकडचे पिल्लू व त्याच्या वंशावळीचा कागद यांची छायाचित्रे धाडली.

पिल्लू देखणे होते. कागदाने घोटाळा केला. ज्याने जन्मभर फेरफाराच्या नोंदी तपासल्या त्याच्या नजरेतून हे सुटणे शक्य नव्हते: बापाचे नाव होते, आईचे होते, पण आजा-पणज्याच्या रकान्यांत निरनिराळ्या शाईत एकाच हाताची अक्षरे होती, नोंदणी करणाऱ्या संस्थेचा क्रमांक नव्हता आणि जन्मतारीख खाडाखोड करून पुढे सरकविलेली होती. पिल्लाचे डोळे हिरवट होते आणि उन्हात काढलेल्या छायाचित्रात त्याच्या कुशीवर पट्ट्यांची पुसट छाया दिसत होती. ते गिरगावातल्या एखाद्या जिन्याखाली जन्मलेले, अगदी सद्गुणी असू शकेल असे, आपले काळे देशी मांजर होते. त्याच्या अंगी खोट नव्हती, कागदाच्या अंगी होती. देशी काळे मांजर आवडले तर ते अवश्य आणावे, पण त्यासाठी केंटकीचे भाडे भरू नये, एवढेच मी पुतण्यास लिहिले. ते पिल्लू पुढे त्यानेच घेतले. सध्या ते त्याच्या सासूबाईंना दर सकाळी आडवे जाते आणि त्यांनी त्याला क्षमा केली आहे.

दुसरी नस्ती पर्शियनची. हिंदुस्थानात जातिवंत मांजर म्हटले की शंभरातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेच लोकरीचे गाठोडे उभे राहते, आणि स्वभाव म्हणाल तर त्याहून शांत प्राणी मिळणे कठीण. इटालियन फिरस्ता पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणात इराणातून लिहिलेल्या पत्रांत खोरासानच्या या लांब केसांच्या मांजरांची मोठी तारीफ केली आहे. हाच गृहस्थ पुढे १६२३ मध्ये गोव्यास उतरला. खोरासान हा कोरड्या हवेचा मुलूख आहे. तिथले रेशीम आमच्याकडे, जिथे आषाढात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, तिथे कसे टिकावे? माझ्या एका स्नेह्याच्या घरी मुंबईहून आलेले पर्शियन मांजर मी श्रावणात पाहिले. रोज विंचरण्यात चार दिवसांचा खंड पडला होता. काखेत व पोटाखाली केसांच्या अशा गाठी वळल्या होत्या की त्याला पाय पुढे टाकता येईना, आणि गाठी कातरल्यावर खाली गजकर्णाचे तांबडे वर्तुळ निघाले, जे नंतर घरातल्या नातीच्या दंडावरही उमटले. यात भर म्हणून या कुळात मूत्रपिंडात गळवांसारख्या पोकळ्या होण्याचा आनुवंशिक विकार आहे. तो एकाच पालकाकडून आला तरी पुरतो, आणि रक्ताच्या वा गालाच्या आतील पेशींच्या तपासणीने तो आधीच ओळखता येतो. ज्या विक्रेत्याला या तपासणीचे नाव ऐकून राग येतो त्याच्या दारात उभे राहू नये. चपट्या नाकाचा श्वासही दमट उकाड्यात कोंडतो. मी ती नस्ती बंद केली.

'रॅगडॉल'विषयी थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी अ‍ॅन बेकर नावाच्या बाईंनी १९६० नंतरच्या दशकात हे कुळ सिद्ध केले. उचलले असता ते चिंधीच्या बाहुलीप्रमाणे अंग सैल सोडते, म्हणून ते नाव. आमच्याकडच्या वेदान्त्यांनी भक्तीचे दोन प्रकार सांगितले आहेत. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते, तो मर्कटन्याय. मांजराचे पिल्लू काहीच करीत नाही, आई त्याला मानेशी धरून नेईल तिकडे निमूट जाते, तो मार्जारन्याय. रॅगडॉल हे मोठेपणीही मार्जारन्यायाने वागणारे मांजर होय. लोभस खरे, पण त्याच्याही अंगावर लोकर आहेच, शिवाय हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक विकार या कुळात ठाऊक आहे.

अ‍ॅबिसिनियनचा मोह अजून सुटलेला नाही. हडकुळ्या, तांबूस, क्षणभर स्वस्थ न बसणाऱ्या या मांजराचे नाव हबसाणावरून पडले. पण नेदरलंड्समधील लायडनच्या संग्रहालयात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेले, अशाच रंगाचे एक पेंढा भरलेले मांजर आहे आणि त्याच्या चिठ्ठीवर त्याचा देश हिंदुस्थान म्हणून लिहिलेला आहे, आणि अलीकडच्या जनुकीय अभ्यासांचाही रोख हबसाणाकडे नसून हिंदी महासागराच्या किनाऱ्याकडे आहे. वेंगुर्ल्याला डचांच्या वखारीच्या पडक्या भिंतींत उभे राहिल्यावर माझ्या मनात भलतेसलते विचार येतात. पुरावा नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

राहिले सयामी. या कुळाचा युरोपातील प्रवेश मोठा थाटाचा नव्हता: १८७१ च्या १३ जुलैला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर याने मांजरांचे जे पहिले मोठे प्रदर्शन भरविले, त्यात ही मांजरे पाहून कोणा वार्ताहराला दुःस्वप्न आठवले होते. पुढे १८८४ साली बँकॉकच्या इंग्रज वकिलातीतील एडवर्ड गूल्ड याने आपल्या बहिणीस फो आणि मिया अशी एक जोडी दिली, आणि मग सयामी मांजर ही तिकडे प्रतिष्ठेची बाब झाली. त्याचा जवळचा नातलग बर्मीज. त्याचा पाश्चात्त्य वंश १९३० मध्ये डॉ. जोसेफ थॉम्पसन यांनी सॅन फ्रान्सिस्कोस आणलेल्या वाँग माऊ या एकाच भाटीपासून मुख्यत्वे वाढला, आणि ती भाटीही निम्मी सयामीच होती. सयाम आणि ब्रह्मदेश म्हणजे आमच्याच पावसाचे, आमच्याच उष्म्याचे, भात-मासळीचे मुलूख. आखूड केस, सडपातळ अंग. कोकणात टिकणारे आणि माणसावाचून न टिकणारे असे मांजर हवे असेल तर ते याच घराण्यात शोधावे, असा माझा अभिप्राय पडला. बर्मीज आपल्या बाजूस सहसा मिळत नाही; सयामी बेळगावात मिळाले.

मिळाले म्हणजे लगेच आणले असे नव्हे. मांजराचा लाघवीपणा हा कितपत रक्तातला व कितपत संस्कारांचा, या प्रश्नाची जी उत्तरे मला सापडली ती कोणाही गिऱ्हाइकाने पदरी बांधून ठेवावीत अशी आहेत. अमेरिकेत टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी दाखवून दिले की पिल्लाच्या वयाचा दुसरा ते सातवा आठवडा हा निर्णायक काळ असतो. त्या काळात ज्याला माणसाच्या हातांचा स्पर्श रोज व पुरेसा मिळाला ते पुढे माणसाळू होते, ज्याला मिळाला नाही त्याची भरपाई नंतर कठीण. सँड्रा मॅकून यांनी १९९५ मध्ये पाहिले की पिल्लांनी बापाचे तोंडही न पाहता त्याचा धीटपणा त्यांच्यात उतरतो. हेल्सिंकीच्या संशोधकांनी २०१९ साली ५,७२६ मांजरांच्या वर्तनाची छाननी केली, तीत स्वभावातील फरकांचा जवळजवळ निम्मा वाटा आनुवंशिक असल्याचे आढळले, आणि माणसापासून अंतर राखण्यात ब्रिटिश शॉर्टहेअर अग्रभागी निघाले. सबब मी बेळगावच्या त्या गृहस्थांकडे गेलो तेव्हा पिल्लाच्या आधी बोका पाहावयास मागितला. ते जरा चकित झाले. बोका आला, माझ्या धोतराचा वास घेतला, आणि मी खुर्चीत बसताच परवानगी न विचारता मांडीवर चढला. पिल्ले पिंजऱ्यात नव्हती, स्वयंपाकघरात होती, आणि त्यांच्या घरातली शाळकरी मुलगी त्यांच्यात पुस्तक घेऊन बसली होती. त्या क्षणी माझा व्यवहार ठरला.

कायद्याने पाळीव प्राण्यांच्या दुकानांना, २०१८ च्या नियमांप्रमाणे, आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकण्यास मनाई आहे. जाणते पाळणारे तर बारा-तेरा आठवड्यांपर्यंत ते आईपासून तोडतच नाहीत, कारण दात आणि नख कितपत लावावे याचे शिक्षण त्याला आई व भावंडेच देतात. त्या गृहस्थांनी लसींचा दाखला, आईबापांची नोंदणी आणि आपण होऊन लिहून दिलेली एक अट दिली: जमले नाही तर मांजर दुसऱ्यास न देता परत त्यांच्याकडे आणावे. मी अनेक कबुलायती पाहिल्या. इतकी सरळ थोड्याच.

तिचे नाव बायो ठेवले. पहिल्याच महिन्यात कळून चुकले की आम्ही मांजर आणले नसून एक संभाषणप्रिय नातेवाईक आणला आहे. सयामी मांजराचा आवाज तान्ह्या मुलाच्या रडण्याशी स्पर्धा करणारा असतो आणि त्याला प्रत्युत्तराची अपेक्षा असते. मी वर्तमानपत्र उघडले की ती त्यावर बसते. आमची मंडळी नारळ खवू लागल्या की विळीपासून वीतभर अंतरावर बसून त्यांना काहीतरी दीर्घ हकीकत सांगते. पोस्टमन आला तर दाराशी पहिली तीच. उंदीर तिने आजवर एकही मारला नाही. एकदा एक माजघरातून गेला, तेव्हा तिने मला हाक मारली.

तिच्या रंगाचे रहस्य मला आमच्याच घरात उलगडले. सयामी मांजराच्या कातडीतील रंग घडविणारे द्रव्य उष्णतेत निकामी असते व शीत भागीच काम करते. म्हणून आईच्या उबदार उदरातून पिल्लू पांढरे जन्मते आणि कान, नाक, पंजे, शेपूट अशा थंड टोकांना मागाहून काजळ धरते. जुलैत बायोची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पशुवैद्यांनी डाव्या कुशीवरचे तळहाताएवढे केस भादरले होते. पावसाळी गारठ्यात उघड्या पडलेल्या त्या कातडीवर नवे केस फुटले ते सायीच्या रंगाचे नव्हेत, गडद तपकिरी. दुधाच्या पातेल्यावर कोणी कॉफीचा थेंब सांडावा तसा तो चौकोन सबंध हिवाळाभर तिच्या अंगावर होता. काकींनी त्याची मीमांसा 'दृष्ट लागली' अशी केली आणि मीठ-मोहऱ्या उतरल्या. पुढच्या केसगळतीत तो डाग ओसरला, आणि श्रेय अर्थातच मोहऱ्यांना गेले.

खाण्याच्या बाबतीत मालवणी माणसाचा जो गोड गैरसमज असतो तो माझाही होता, की मासळीच्या गावात मांजराची चिंता ती काय! डॉक्टरांनी तो दूर केला. बांगडा आणि तारली ही तेलकट मासळी रोजच्या रोज तीच दिली तर जीवनसत्त्व 'ई' तोकडे पडून मांजराच्या कातडीखालची चरबी सुजते, पिवळी पडते आणि हात लावताच ते वेदनेने ओरडते. कित्येक जातींची मासळी कच्ची दिली तर ती जीवनसत्त्व 'बी-वन'चा नाश करते. खारवलेली सुकी मासळी मिठामुळे वर्ज्य. दूधभात हे तर आपले परंपरागत मार्जारभोजन, पण वाढलेल्या मांजराचे पोट सहसा दूध पेलत नाही, आणि भातात ते टॉरिन नाही ज्यावाचून मांजराची दृष्टी व हृदय दोन्ही खंगतात. तेव्हा मुख्य आहार मांजरासाठी बनविलेला, आणि आठवड्यातून दोनदा उकडून काटे काढलेला मासा, अशी तहाची कलमे ठरली. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा त्यांपैकी दुसरे कलम आपोआप तहकूब होते. त्या एकसष्ट दिवसांत बायो माझ्याकडे ज्या नजरेने पाहते तिला सरकारी अधिसूचना समजावून सांगण्याचा माझा प्रयत्न निष्फळ ठरला आहे.

ती बाहेर जात नाही. भुरळ घालणारी तिची कांती गवतात लपत नाही, गडग्यांच्या सांदीत घोणस असते, गल्लीत कुत्रे असतात, आणि माणसांवरचा तिचा विश्वास इतका निर्बुद्ध आहे की पिशवी उघडून धरणाऱ्या कोणाही इसमाबरोबर ती निघून जाईल. पडवीला बारीक जाळी मारून घेतली. एका फणसाच्या फांदीचा ओंडका उभा करून त्यास काथ्या गुंडाळला, तो नखांसाठी. काथ्याची आमच्या गावात वाण नाही.

पण या सर्व तजविजी दुय्यम. खरा पेच मला कळला तो त्या वर्षीच्या गणपतीत. चाकरमानी आले, घरात चौदा माणसे झाली, आणि बायोला जणू तिचे खरे राज्य सापडले: आरतीच्या वेळी ती ओटीवर, पत्त्यांच्या डावात ती मधोमध, रात्री पडवीभर पसरलेल्या गाद्यांवर एकेकाच्या पायथ्याशी थोडा थोडा वेळ, कोणावरही अन्याय होऊ न देता. सातव्या दिवशी विसर्जन झाले, आठव्या दिवशी कुडाळ स्टेशनाकडे रिक्षा गेल्या, आणि नवव्या दिवशी ती गुंडाळून रचलेल्या गाद्यांवर चढून हाका मारू लागली. दोन दिवस तिने अन्नास तोंड लावले नाही. पाठीवरचे केस चाटून चाटून तिने एक टक्कल पाडले. डॉक्टर म्हणाले, त्वचारोग नाही. माणसे कमी पडली.

ज्यांना लाघवी मांजर हवे असते ते किंमत विचारतात, केस किती गळतात ते विचारतात, रंग विचारतात. मला आता कोणी विचारले तर मी उलट विचारतो की दुपारी दोन ते सहा तुमच्या घरात कोण असते. आमच्या किनाऱ्यावरची निम्मी घरे गणपती आणि मे महिना सोडला तर कुलपात असतात. उरलेल्यांत आमच्यासारखी दोन म्हातारी माणसे. ब्रिटनमधील २०२४ च्या पाहणीत बर्मीजचे सरासरी आयुर्मान चौदा वर्षांहून अधिक निघाले, सयामीचे जवळजवळ बारा. मी सदुसष्टाव्या वर्षात आहे. ही बेरीज मी करंडी उघडण्यापूर्वी करावयास हवी होती, हे कबूल केले पाहिजे. ती उशिरा केली, आणि मग मुलीस पत्र लिहून तिची लेखी संमती घेऊन ठेवली. तो कागद घराच्या इस्टेटीच्या कागदांबरोबर आहे.

टक्कल भरून यावयास दीड महिना लागला. औषध डॉक्टरांनी दिले नाही. ते गडग्यापलीकडून आले. मी तिसऱ्या प्रहरी वाचनालयात जातो आणि आमची मंडळी त्याच सुमारास भजनी मंडळात, हे काकींच्या ध्यानात होते. एके दिवशी मी चप्पल घालीत असता त्या सोलांची परडी व पाट घेऊन आमच्या पडवीत आल्या, भिंतीला टेकून बसल्या, आणि बायो त्यांच्या लुगड्याच्या निऱ्यांत शिरली. किमतीचा आकडा त्या अजून विसरलेल्या नाहीत, तो गावात सर्वांना ठाऊक आहे. मी उंबऱ्यावर थांबलेला पाहून त्यांनी मानही वर न करता मला वाटेस लावले.

"तुमी खंय जातास थंय जावा. मी बसतंय हिच्यावांगडा."